कॅनबेराचं नाक दर वेळी किल्ल्यावरच का खाली जायचं?

ही सगळी गोष्ट कॉम्प्युटरवरच्या फ्लाइट सिम्युलेटरमधली, आणि कॅनबेरा म्हणजे आपल्या हवाई दलाचं जुनं जेट विमान. तुमचंही विमान सिम्युलेटरमध्ये असंच नाक टाकत असेल, तर लक्षण आधी सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे की दुसरं, ते लगेच कळेल.

आग्र्याहून उड्डाण. धौलपूरपर्यंत सगळं सुरळीत. चंबळ ओलांडली, बीहड मागे पडले, मुरैना उजव्या हाताला गेलं, समोर ग्वाल्हेरचा किल्ला दिसायला लागला. फोटोसाठी म्हणून मी कॉकपिटमधून खाली बघायला लागलो आणि विमानाने नाक टाकलं. हळूहळू नाही. कुणीतरी मागून शेपूट धरून वर उचलावी, तसं. स्टिक पोटाशी ओढली तरी नाक वर यायचं नाव घेईना. वेग वाढतो, पंख थरथरायला लागतात, आणि पुढच्या मिनिटभरात माझी कॅनबेरा ग्वाल्हेरच्या अलीकडे, पुरानी छावणीच्या एखाद्या शेतात.

एकदा झालं असतं तर हसून सोडलं असतं. एप्रिलच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत नऊ वेळा झालं. आणि मधल्या काही उड्डाणांत काहीसुद्धा झालं नाही, डोकं फिरलं ते यानेच. रोज बिघडलं असतं तर एका संध्याकाळी शोधून काढलं असतं. इथे एक दिवस विमान अगदी शहाण्यासारखं किल्ल्यावरून जायचं, घिरटी घालायचं, महाराजपूरच्या धावपट्टीवर उतरायचं. दुसऱ्या दिवशी तोच मार्ग, तीच उंची, तेच इंधन, आणि नाक खाली. तिसऱ्या आठवड्यात मी मंगळवारी उडवायचं बंद केलं होतं, यावरून काय ते समजा.

विमानाविषयी थोडं सांगावं लागेल, कारण या विमानाच्या इतिहासानेच मला चुकीच्या रस्त्याला लावलं. माझ्याकडे आहे ती टेहळणीची कॅनबेरा, पीआर ५७. ब्रिटिशांच्या पीआर ७ ची भारतासाठी बनलेली आवृत्ती. मूळ कॅनबेरा पहिल्यांदा उडाली १३ मे १९४९ ला. तिचा आराखडा टेडी पेटर यांचा, म्हणजे ज्यांनी पुढे आपलं लाडकं नॅट हे छोटं लढाऊ विमान केलं तेच. भारताने १९५७ मध्ये ऑर्डर दिली, आणि नंतरची जवळजवळ पन्नास वर्षं आपल्या हवाई दलाचे डोळे म्हणजे हेच विमान. विंग कमांडर जगमोहन नाथ यांनी १९६२ च्या आधी आणि १९६५ मध्ये शत्रूच्या डोक्यावरून जाऊन फोटो आणले ते कॅनबेरातून, आणि दोनदा महावीर चक्र मिळवलं. कारगिलच्या वेळी २१ मे १९९९ ला एका कॅनबेराच्या इंजिनाला क्षेपणास्त्र लागलं, तरी स्क्वाड्रन लीडर पेरुमल यांनी ती एका इंजिनावर श्रीनगरला आणून उतरवली. शेवटी ११ मे २००७ ला आग्र्याला या विमानांना निरोप दिला. आग्रा आमच्यापासून सव्वाशे किलोमीटरच्या आत. म्हणून माझा ठरलेला मार्ग आग्रा ते ग्वाल्हेर. आपल्या गावाचा फोटो आपणच काढायचा, एवढीच हौस.

आता मुद्द्याचं यांत्रिकी. कॅनबेरात स्टिक आणि एलिव्हेटर (शेपटीवरची, नाक वर-खाली करणारी हलती फळी) यांच्यामध्ये हायड्रॉलिक मदत नाही, सगळा जोर वैमानिकाच्या हाताचा. ट्रिम, म्हणजे स्टिकवर सतत जोर न लावता नाक हवं तिथे टिकवणं, मात्र वेगळ्या तऱ्हेने होतं. आजच्या लहान विमानांत एलिव्हेटरच्या कडेला एक चिटुकली पट्टी असते, ती हलते. कॅनबेरात शेपटीचा अख्खा आडवा पंखच विजेच्या मोटारीने थोडा वर-खाली फिरतो. तो दोन-तीन अंश जरी नको तिकडे गेला तरी एलिव्हेटर त्याच्यापुढे दुबळं पडतं. १९५० च्या दशकात हे ट्रिम आपोआप पळत सुटल्यामुळे खरोखर अपघात झाले, माणसं गेली. ही गोष्ट कॅनबेरावर चार ओळी वाचलेल्या प्रत्येकाला माहीत असते. त्यामुळे मी कुणालाही विचारलं की उत्तर एकच: "अरे, बनवणाऱ्यांनी खरा दोष जसाच्या तसा घातलाय, कौतुक कर." मीही महिनाभर कौतुकच करत बसलो. सेटिंगमध्ये बिघाडांचं पान उघडून बघितलं, सगळे बिघाड बंद होते. तरी मनाने घेतलं होतं की विमानातच काहीतरी आहे.

त्या भरात जे जे केलं आणि ज्याचा काडीचा उपयोग झाला नाही, ते पटकन सांगून टाकतो, म्हणजे तुमचे तरी दिवस वाचतील. विमान काढून पुन्हा टाकलं, दोनदा. मग सिम्युलेटरच काढून पुन्हा टाकला, त्यात दोन रात्री डाउनलोडमध्ये गेल्या. खरं हवामान बंद केलं, कारण मे महिन्यातली ग्वाल्हेरची लू सिम्युलेटरमध्येही विमान हलवते असा माझा समज झाला होता. हलवते खरी, आणि त्या उन्हात विमानाला धावपट्टीही जास्त लागते, पण लू नाक पाडत नाही. ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर जुना केला, मग नवा केला.

जॉयस्टिकही उघडली. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून खालचे सहा स्क्रू काढले, तर आत स्प्रिंगच्या बुडाशी केसांचं आणि धुळीचं अख्खं घरटं. पोटेन्शिओमीटरच्या, म्हणजे दांडी किती हलली ते मोजणाऱ्या भागाच्या, गोल डबीत काळी भुकटी साचलेली, आणि एक वाळलेली मुंगी. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारला, दांडी पन्नास वेळा गोल फिरवली, पुसून परत बसवली. हात लोण्यासारखा मऊ झाला. विमान दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा शेतात.

शेवटी एका जुन्या शाळेच्या वहीत नोंदी ठेवायला लागलो. तारीख, वेळ, कुठून सुरू केलं, नाक कधी गेलं. हे सगळ्यात आधी करायला हवं होतं. मेमधल्या पहिल्या नोंदी अशा: ३, ५, ८, ९ आणि ११ ला नाक गेलं. ४ आणि १० ला ठीक. बाकीचे दिवस उडवलंच नाही. ११ मे म्हणजे खऱ्या कॅनबेराच्या निवृत्तीचा दिवस, त्या दिवशी निदान नीट उतरावं एवढी इच्छा होती. असो.

या आकड्यांकडे कितीही बघितलं तरी त्यातून काही निघेना. मग एक साधी गोष्ट केली, आणि तुम्हीही इथूनच सुरुवात करा असं माझं म्हणणं आहे: नाक जाताना पॅनेलवरच्या ट्रिमच्या घड्याळाकडे बघितलं.

खऱ्या विमानात वैमानिकाला ट्रिम हातात कळतं. स्टिक ओढावी लागते किंवा ढकलावी लागते, दंड दुखतो. आपल्या टेबलावरच्या जॉयस्टिकला एकच स्प्रिंग, ती कायम मध्यावर येते. शेपूट कुठेही गेलेली असो, हाताला काहीच जाणवत नाही. म्हणून आपल्याला ते डोळ्यांनी बघावं लागतं, आणि नेमके आपण त्या क्षणी घाबरून बाहेर क्षितिजाकडे बघत असतो. मी दर उड्डाणाचं रेकॉर्डिंग ठेवत होतो ते इथे कामाला आलं. पाचही वेळचं रेकॉर्डिंग लावून फक्त त्या सुईवर बोट ठेवून बसलो. चार वेळा सुई 'नाक खाली' या बाजूला सरसर गेली होती. ८ तारखेला सुई जागच्या जागी होती, नाक मात्र खाली.

म्हणजे दुखणी दोन होती. ताप एकच दिसत होता.

आधी ८ तारखेचं, कारण ते सोपं. सुई हलत नाही आणि नाक हळूहळू जड होत जातं. पाच-सात मिनिटं तुम्ही थोडी थोडी स्टिक मागे घेत राहता, आणि मग एका क्षणी ती पुरत नाही. हे इंधनाचं काम. कॅनबेराच्या पोटात इंधनाच्या टाक्या एकामागे एक आहेत. पुढची टाकी नाकाकडे वजन देते, मागची शेपटीकडे. दोन्ही बरोबरीने रिकाम्या व्हायला हव्यात, आणि खऱ्या विमानातही ती नजर वैमानिकालाच ठेवावी लागते. मागची आधी संपली की विमान नाकावर येतं, पुढची आधी संपली की शेपटीवर बसतं, आणि हे दुसरं जास्त वाईट. एक इम्पीरियल गॅलन केरोसीन म्हणजे साडेतीन किलोंच्या वर. पुढे-मागे शंभर गॅलनचा फरक पडला तर साडेतीनशे किलोंहून जास्त वजन चुकीच्या जागी, म्हणजे जवळपास एक बुलेट आणि तिच्यावर बसलेले दोघे.

माझ्याकडे हे का झालं? ८ तारखेला मी घाईत होतो आणि इंजिनं चालू असलेलं एक जुनं सेव्ह केलेलं उड्डाण उघडलं होतं. ते सेव्ह करताना मी पुढच्या टाकीचे पंप बंद ठेवले होते, कुठल्या तरी प्रयोगासाठी. उड्डाणाबरोबर ती बटणंही जशीच्या तशी परत आली. मी पंपांकडे बघितलंच नाही, कारण इंजिनं चालू होती ना. उपाय एवढाच की सेव्ह केलेल्या उड्डाणावर कधी विसंबू नका, उघडल्यावर पंपांची सगळी बटणं एकदा नजरेखालून घाला. आणि इंधन विमानाच्या स्वतःच्या खिडकीतून भरा. सिम्युलेटरच्या मेन्यूमधून टक्क्यांचा दांडा सरकवला तर काही विमानांत ते इंधन टाक्यांमध्ये भलतंच वाटलं जातं. उड्डाणात दर पाच मिनिटांनी पुढचा आणि मागचा काटा बघायचा, फरक दिसला की जास्त भरलेल्या टाकीचे पंप चालू ठेवायचे. या दुखण्याला इथेच सोडतो.

आता ८ तारीख बाजूला काढल्यावर वहीत काय उरलं ते बघा. गेलं ते ३, ५, ९, ११. ठीक ते ४, १०, आणि नव्याने मोजलं तर ८ सुद्धा ठीकच, निदान ट्रिमच्या दृष्टीने. विषम तारखा वाईट, सम तारखा बऱ्या. माझी अंधश्रद्धा निदान गणितात तरी बसली. पण कॉम्प्युटरला तारखेचं काय सोयरसुतक?

इथे मोरारचे, म्हणजे ग्वाल्हेरच्याच एका भागातले, काका येतात. आमच्या आत्याच्या यजमानांचे मित्र, हवाई दलातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. आग्र्याला असताना कॅनबेरावर काम केलेला माणूस. त्यांना मी फोनवर सगळं सांगितलं, ट्रिम पळतं म्हणून. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "कधी कधी पळतं?"

"काका, दर एक दिवसाआड."

पलीकडून हसण्याचा आवाज. "अरे बाबा, खरं ट्रिम पळतं ना, ते वार-तारीख बघून नाही पळत. एक दिवसाआड तर ग्वाल्हेरात नळाला पाणी येतं."

ते चेष्टेत बोलले. मलाही तेव्हा काही लक्षात आलं नाही. "या ना संध्याकाळी, बघा तरी," एवढं म्हणून मी फोन ठेवला. ते १३ तारखेला आले. आईने त्यांच्यासाठी साबुदाण्याचे वडे केले होते, ते घेऊन ते माझ्या शेजारी स्टुलावर बसले. मी हेडफोन लावून उड्डाण सुरू केलं. कॅनबेराच्या एव्हॉन इंजिनांचा आवाज कानात, बाहेरचं काही ऐकू येत नाही. काकांना स्क्रीनमध्ये फारसा रस नव्हता. पडद्यावर जमीन फिरते ते बघून त्यांना गरगरतं, म्हणाले. ते आपले इकडेतिकडे बघत वडे खात होते.

साडेसात झाले असतील. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी एक कान मोकळा केला.

"हे तुझं निळं दिव्याचं डबडं आत्ता विझलं आणि परत पेटलं."

निळ्या दिव्याचं डबडं म्हणजे माझा यूएसबी हब. टेबलाच्या कडेला चिकटवलेला, त्यात जॉयस्टिक आणि माऊस. "आणि ट्यूबलाइटपण लुकलुकली," काका म्हणाले. त्याच वेळी खालून, शेजारच्या वाड्यातून, मोटारीचा ओळखीचा घर्र आवाज यायला लागला. नळाला पाणी आलं होतं. तिघरा धरणाचं पाणी उन्हाळ्यात एक दिवसाआड, आणि ते आलं की आमच्या गल्लीत दहा घरं एकदम मोटारी लावतात. प्रत्येक मोटार सुरू होताना पहिला झटका मोठा खेचते, गल्लीतलं व्होल्टेज क्षणभर बसतं.

मी हवेत होतो, मुरैनाच्या जवळ. काहीच झालेलं नव्हतं. विमान सरळ चाललं होतं. काकांना म्हटलं, "बघा, काही नाही." आणि किल्ला दिसला तसा सवयीने अंगठा हॅट स्विचवर ठेवला, खाली बघायला. जॉयस्टिकच्या डोक्यावरचं ते टोपीसारखं बटण पुढे दाबलं की नजर खाली जाते, अशी माझी मांडणी आहे. नजर खाली गेली, आणि या वेळी मी मुद्दाम एक डोळा ट्रिमच्या सुईवर ठेवला होता. सुईही खाली निघाली. अंगठा उचलला, सुई थांबली. परत दाबला, परत निघाली.

महिनाभर मीच माझ्या अंगठ्याने विमान पाडत होतो.

झालं काय होतं ते आता सविस्तर, कारण यातली साखळी कळली नाही तर उपाय अर्धवट होतात. कॉम्प्युटर माझ्या यूपीएसवर आहे, त्याला व्होल्टेज बसल्याचं कळतही नाही. हबचा अडॅप्टर मात्र यूपीएसमध्ये जागा नव्हती म्हणून भिंतीवरच्या बोर्डात, थेट लाइनवर. मोटारी लागल्या की हब अर्ध्या सेकंदासाठी मरायचा आणि परत जिवंत व्हायचा. विंडोजच्या दृष्टीने जॉयस्टिक काढून परत लावली. त्याची 'टुंग-टिंग' वाजायची, ती हेडफोनमधल्या इंजिनांखाली दबायची. सिम्युलेटरच्या दृष्टीने नवीन जॉयस्टिक आली, आणि त्याने तिला माझं प्रोफाइल (कुठल्या बटणाला कुठलं काम, याची मांडणी) न देता स्वतःचं ठेवणीतलं प्रोफाइल दिलं. त्या प्रोफाइलमध्ये हॅटवर ट्रिम आहे. नजर फिरवण्याची माझी मांडणी मात्र तशीच राहिली, कारण ती नजरेसाठी असलेल्या वेगळ्या प्रोग्रॅममध्ये आहे. म्हणजे एकाच बटणावर दोन कामं. मी खाली बघायला बटण दाबायचो आणि शेपटीची मोटार इमानदारीने चालू व्हायची. टेहळणीचं विमान असल्यामुळे खाली बघण्याची वेळ दर वेळी लक्ष्यावरच यायची. म्हणून किल्ला.

आणि हे सापडत का नव्हतं? कारण विमान पडलं की मी चिडून सिम्युलेटर बंद करायचो, पाणी प्यायचो, परत सुरू करायचो आणि मग मांडणीचं पान तपासायचो. नव्याने सुरू करताना तो माझंच प्रोफाइल लावायचा. पान बघितलं की सगळं जागच्या जागी. रोगी डॉक्टरसमोर बसला की ठणठणीत.

म्हणून तुमचंही असंच काही असेल तर पहिली सूचना: बिघाड झाला की सिम्युलेटर बंद करू नका. पॉज करा, तसाच मांडणीच्या पानावर जा, जॉयस्टिकच्या नावापुढे कुठलं प्रोफाइल लागलंय ते वाचा. तिथे तुम्ही दिलेलं नाव नसेल तर चोर सापडला.

उपायांचं आता. हबचा अडॅप्टर यूपीएसमध्ये घातला, त्यासाठी स्पीकर बाहेर काढावे लागले. जॉयस्टिक हबमधून काढून कॉम्प्युटरच्या मागच्या पोर्टला थेट लावली. खरं तर हे एकटंच पुरतं. पण मग ती त्याच पोर्टला ठेवा, जागा बदलली की माझा सिम्युलेटर तिला पुन्हा नवी समजतो. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी हबच्या गुणधर्मांत वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची परवानगी असते, ती टिक काढून टाकली. पॉवरच्या सेटिंगमधलं यूएसबीचं 'सिलेक्टिव्ह सस्पेंड'ही बंद केलं. ज्यांच्याकडे लाइट अगदी व्यवस्थित आहे आणि तरी असं होतं, त्यांनी आधी हे दोन बघा, कारण मोटारीशिवायही विंडोज स्वतःच जॉयस्टिक झोपवतो.

सिम्युलेटरचं ठेवणीतलं प्रोफाइल पुसता येत नाही. मग मी उलटं केलं. नजर फिरवण्याचं काम हॅटवरून काढून जॉयस्टिकच्या बुडावरच्या बटणांना दिलं, आणि हॅटवर ट्रिमच ठेवलं, माझ्या प्रोफाइलमध्येसुद्धा. आता प्रोफाइल बदललं तरी हॅट म्हणजे ट्रिमच, अंगठ्याला फसायला जागा नाही. खऱ्या कॅनबेरातही ट्रिमचं बटण हाताशी असतं, त्यामुळे हे तसं शास्त्रालाही धरून झालं. सवय व्हायला आठवडा गेला.

उड्डाणाआधी, धावपट्टीवर उभं असताना, एक छोटी तपासणी मी आता चुकवत नाही. नजर फिरवण्याचं प्रत्येक बटण दोन-दोन सेकंद दाबायचं आणि ट्रिमच्या सुईकडे बघायचं. सुई हलली तर ब्रेक सोडायचेच नाहीत. काकांच्या म्हणण्याप्रमाणे जमिनीवर ट्रिम या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघणं ही खऱ्या विमानातलीही सवय.

हवेत असताना नाक गेलंच, तर काय? माझा हात आधी स्टिक ओढायचा आणि मग थ्रॉटल पुढे, घाबरून. हे अगदी उलटं. नाक खाली ढकलणारा जोर वेगाबरोबर वाढतो, म्हणून थ्रॉटल पूर्ण मागे, हवेत वेग कमी करणारे एअरब्रेक बाहेर (कॅनबेरात ते पंखांतून बोटांसारखे वर-खाली निघतात, दिसायला फार गोड), आणि ट्रिम कीबोर्डवरून परत आणायचं. माझ्याकडे नंबर पॅडवरचा १ नाक वर आणतो आणि ७ खाली नेतो. हॅटला हात लावायचा नाही. वीस हजार फुटांवर असलात तर भरपूर वेळ असतो, मी तीनदा मुद्दाम पाडून बघितलं, तिन्ही वेळा सहा-सात हजार फुटांत सावरलं. पाच हजार फुटांवर किल्ल्याचे जवळून फोटो काढत असाल तर मात्र पुरानी छावणी नक्की.

एक गोष्ट वेगळी काढून सांगतो, कारण काही जण तिला या दुखण्यात मिसळतात. उड्डाणाच्या धावेत विमान आडवं, डावीकडे किंवा उजवीकडे ओढलं जात असेल तर त्याचा ट्रिमशी संबंध नाही. एव्हॉन इंजिनं आयडलवरून वर यायला वेळ घेतात आणि दोन्ही एकाच चालीने येतीलच असं नाही. थ्रॉटल एकदम पुढे लोटलं की एक आधी पळतं, आणि इंजिनं पंखांवर लांब-लांब असल्यामुळे विमान फिरतं. ब्रेकवर उभं राहून दोन्ही हळूहळू निम्म्याच्या वर आणा, काटे जुळू द्या, मग सोडा. तरी फिरलं तर थ्रॉटलचे दोन दांडे दोन वेगळ्या इंजिनांना लागलेत की दोन्ही एकालाच, ते बघा. आणि इंजिन सुरूच होत नसेल, तर स्टार्टरची काडतुसं संपली नाहीत ना, ते बघा. होय, हे विमान काडतूस फोडून सुरू होतं. जमिनीवरच्या सेवेच्या मेन्यूतून नवी भरा.

१५ मेला, म्हणजे विषम तारखेला, पाण्याच्या दिवशी, साडेसातला मुद्दाम उड्डाण केलं. काका आले नव्हते, पण फोन चालू ठेवायला सांगितला होता त्यांनी. चंबळेवर होतो तेव्हा ट्यूबलाइट लुकलुकली, खाली मोटारी सुरू झाल्या. हबचा निळा दिवा स्थिर. मुरैना गेलं. बुडावरचं बटण दाबून खाली बघितलं, सुई जागेवर. मानमंदिराचे घुमट, सासबहूची देवळं, तेलीच्या देवळाचं उंच शिखर, एकामागून एक कॅमेऱ्याखालून गेले. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात बाडा (मुख्य चौक) शोधता शोधता थोडा पुढे गेलो, म्हणून वळून परत आलो आणि दुसरी फेरी मारली.

"काय रे, पडलास का?" फोनवरून काका.

"नाही काका, वर आहे अजून."

"मग आता खाली ये आणि आईला सांग, नळ वाहतोय तोवर टाकी भरून घ्या म्हणावं."

तुमच्याकडे अजूनही नाक जात असेल तर मला एवढं लिहून पाठवा: नाक जाताना ट्रिमची सुई हलत होती की नाही, पुढच्या आणि मागच्या टाकीतलं इंधन किती होतं, त्या क्षणी जॉयस्टिकला कुठलं प्रोफाइल लागलं होतं, आणि तुमचा हब कुठल्या बोर्डात खोचलेला आहे. विमान कितीदा रीइन्स्टॉल केलं ते लिहू नका.